सरांचा कापड्यात राहिलेला दिवस

खडूला वास असतो हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हते. माझ्या माहेरी, कापड्याच्या शाळेत चौथीपर्यंत मी पाटीवर पेन्सिलीने लिहिले. गुरुजींच्या हातातला खडू पाहिला तो लांबूनच. ह्यांच्या कोटाच्या उजव्या बाहीला मात्र तो वास कायमचा मुरलेला असे. कोरडा, थंडसा, नदीकाठी उन्हात वाळलेल्या गोट्यासारखा. महाडला आमचे बिऱ्हाड सावित्रीपासून फार लांब नव्हते. संध्याकाळी हे कॉलेजातून आले, की कोट खुंटीला लावण्याआधी मी तो मागच्या दारी नेऊन झटकत असे, आणि मावळतीच्या तिरप्या उन्हात ती पांढरी धूळ क्षणभर सोनेरी होऊन तुळशीवर हलकेच उतरत असे. आज वर्गात जे शिकवले त्याचेच हे कण असतील, असे मनात येई, आणि अर्थशास्त्र म्हणजे अशीच काही उजळ, हाती न लागणारी वस्तू असावी असे वाटे.

ह्यांचे गाव महाडजवळचे नाते. घर शेतकऱ्याचे, पण ह्यांचे बालपण महाडला मामांकडे गेले आणि तारुण्य मुंबईला चुलत्यांच्या खोलीत, पुस्तकांच्या संगतीत. सासूबाई म्हणायच्या, "माज्या ह्या पोराच्या पायाला चिखुल ठाव नाय." त्या बोलण्यात अभिमान किती आणि खंत किती, हे मला कधी नीट सांगता आले नाही. मुंबईत चांगली प्राध्यापकी चालू असताना महाडला कॉलेज निघाल्याचे कळले, आणि हे आपण होऊन इकडे परतले. लोकांनी वेड्यात काढले. हे नुसते हसत. हसताना ह्यांचा डावा गाल आधी हसे आणि मग उजवा.

सकाळी शिकवायचा धडा हे पडवीत येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणून पाहत. शिकवणे इंग्रजीतून असे, पण पोलादपूरकडच्या डोंगरांतून आलेली मुले इंग्रजी ऐकून दगडासारखी बसतात, हे ह्यांच्या जिवाला लागे. म्हणून प्रत्येक वाक्य एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत घोळवले जाई. मी चुलीपुढे भाकरी थापत ते ऐके. मागणी, पुरवठा, सीमांत उपयोगिता. शब्दांचा अर्थ कळायच्या आधी त्यांचा नाद माझ्या ओळखीचा झाला, जसा देवळातल्या मंत्रांचा होतो. एकदा ह्यांनी त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ मलाच सांगितला. नात्याहून महाडपर्यंत वैशाखाच्या उन्हात चालत आल्यावर पाण्याचा पहिला तांब्या अमृतासारखा लागतो, दुसरा बरा लागतो, आणि तिसरा कोणी फुकट दिला तरी हाताने दूर सारावासा वाटतो. पाणी तेच, तांब्या तोच, पण दरवेळी त्याचे मोल मात्र निराळे. मी म्हटले, "एवढंच?" हे म्हणाले, "एवढंच. पण हे कळायला जगाला फार वर्षं लागली." त्या दिवशी मी दिवसभर घरातल्या वस्तूंकडे नव्या डोळ्यांनी पाहत होते.

ह्यांची खरी विद्या मात्र सांगण्यात नव्हती, विचारण्यात होती. बाजारात गेले, की भाजी राहून जाई आणि प्रश्न सुरू होत. वाशांचा भाव कार्तिकात का उतरतो, मासळीवाली शेवटचा वाटा स्वस्त का देते, एकाच आळीत दोन सोनार सुखाने कसे नांदतात. विचारताना आवाजात परीक्षकाचा सूर नसे. खरोखर न कळणाऱ्या माणसाचे कुतूहल असे, म्हणून लोक सांगत. लाकडाच्या वखारीचे म्हातारे मुसलमान मालक एकदा हसत म्हणाले होते, "प्रोफेसर, तुम्ही वखार टाकू नका हां. मग आमचं काय होईल?"

असाच एक प्रश्न ह्यांना माझ्या माहेरी सापडला.

आमच्या कापड्यात भाताच्या लावणीला मजूर लावत नाहीत. आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी. याला आमच्याकडे सावड म्हणतात. मला त्यात नवल ते काय वाटणार? हवेसारखी ती गोष्ट भोवती होती. पण लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात हे सासुरवाडीला आले असताना माझी गंगाकाकी ओट्यावरून माझ्या दादाला ओरडून म्हणाली, "अरे, माजा एक दिस तुज्याकडं हाय, इसरू नको!" आणि ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. दिवस कोणाकडे कसा राहतो? तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत हे कापड्याला जाऊ लागले. घराघरांतून, बांधाबांधावरून विचारीत फिरत. काकी म्हणे, "लोकांचं जावय सासुरवाडीला जेवाया येतात, आमचा इचाराया येतो." त्या विचारण्याचा पुढे प्रबंध झाला. मुंबईच्या ज्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या हाताखाली हे तो लिहीत होते त्यांना हे 'मोठे सर' म्हणत. घरात नाव निघाले तरी आवाज थोडा खाली येई.

प्रबंधाचा सारा भार एका मुद्द्यावर होता, आणि तो ह्यांनी मला इतक्या वेळा सांगितला होता की मला पाठ झाला होता. कापड्यात दिवस मोजतात, काम मोजत नाहीत. धडधाकट गड्याचा दिवस आणि पाठीत वाकलेल्या म्हातारीचा दिवस यांत तिथे फरक करत नाहीत; दिवसाला दिवस. मोठ्या सरांना हे पटेना. ते म्हणाले, असे असेल तर धडधाकट माणसे कधीच कंटाळून बाहेर पडली असती; आत काहीतरी छुपा हिशेब असणार, तो तुम्हाला सापडलेला नाही. आणि आणखी म्हणाले, "आपल्या माणसांविषयी लिहिताना डोळे ओले होतात, आणि ओल्या डोळ्यांना नीट दिसत नाही." हे वाक्य ह्यांना फार लागले. मुद्दा पडला तर प्रबंध पडणार होता, आणि त्यात ह्यांच्या उमेदीची सगळी वर्षे होती. पडवीतल्या येरझाऱ्या थांबल्या. सकाळी चुलीचा जाळ तेवढा बोले.

शेवटी मोठे सरच म्हणाले, मी स्वतः येऊन पाहतो.

ह्यांनी दादाला निरोप धाडला: लावणी ऐन भरात असेल त्या दिवशी येतो, सर फक्त बांधावर उभे राहून बघतील. मोठे सर एसटीने महाडला उतरले. उंच, कृश, सोनेरी काडीचा चष्मा, हातात मिटलेली काळी छत्री. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पोलादपूरपर्यंत एसटीने गेलो आणि पुढे पायवाटेला लागलो. किती दिवसांनी त्या सकाळी उघडीप झाली होती. डोंगरांच्या अंगावरून पांढऱ्या धारा अजून उतरत होत्या, पण वर निळे आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते, आणि उन्हात ओल्या गवताचा, शेणाचा, कुड्याच्या पानांचा असा संमिश्र उबदार वास येत होता की माहेर दिसायच्या आधी मला ते नाकानेच भेटले. मी दोघांच्या बरीच मागे चालत होते. पुढे मोठे सर काहीतरी विचारत आणि हे फार थोडक्यात उत्तर देत. ह्यांच्या पाठीकडे पाहूनच मला कळत होते, की ह्यांच्या छातीत काय चालले आहे.

वळण घेऊन आम्ही शेतांच्या वर आलो आणि हे जागच्या जागी थांबले. खाचरांत चिटपाखरू नव्हते. चिखलणी करून सपाट केलेले दादाचे मोठे खाचर आरशासारखे आभाळ दाखवीत पडले होते, कडेच्या बांधावर उपटलेल्या रोपांच्या मुठी रचून ठेवलेल्या, आणि माणूस म्हणून एक नाही.

सगळा गाव दादाच्या अंगणात बसला होता! पुरुष धुतलेल्या टोप्या घालून, बायका सणाची लुगडी नेसून. ओट्यावर कोरी घोंगडी अंथरलेली. गुळाचा चहा उकळत होता.

"दादा, लावणी?" मी हळूच विचारले.

"आज बंद," दादा अभिमानाने म्हणाला. "एवढा मोठा मानूस यायचा, आनि आमी काय चिखलात बरबटून उभा ऱ्हायाचा? मुठी काढून ठेवल्यात. तुमी गेल्यावर बघू."

मी ह्यांच्याकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

चहा झाला. मोठे सर घोंगडीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी फार आदबीने दादाला विचारले, "मला एक सांगा. तुमचा दिवस आणि या आजींचा दिवस तुम्ही सारखाच धरता का?"

दादाने ह्यांच्याकडे पाहिले, मग सरांच्या चष्म्याकडे, मग गावाकडे. त्याच्या मनात काय आले ते मला स्वयंपाकघराच्या दारातून स्पष्ट दिसले. मुंबईची शिकलेली माणसे आपल्याला खुळी म्हणतील, आणि जावयाची मान खाली जाईल.

"नाय नाय सायब," तो म्हणाला, "असा कसा? आमाला काय समाजत नाय व्हय? म्हातारीचा अर्दा."

"अर्दाच," चारी बाजूंनी माना हलल्या.

काकी तर पदर सावरून पुढे सरली. "अर्दा बी जास्त झाला, सायब. मी काय, बसूनच असतंय." गेल्याच आठवड्यात तिने तीन घरांची लावणी केली होती!

मोठ्या सरांनी हळू मान डोलावली. त्यांना आनंद झाला असे नाही. उलट एक प्रकारचा खेदच त्यांच्या चेहऱ्यावर उमटला, आपल्या लाडक्या विद्यार्थ्याची चूक सापडावी आणि ती सापडू नये असेही वाटत असावे तसा. आणि हे गप्प राहिले. आपल्याच लोकांना चारचौघांत खोटे पाडणे ह्यांच्या स्वभावात नव्हते. एका शब्दाने सारे उलटले असते, पण तो शब्द उच्चारला असता तर दादाची मान खाली गेली असती. दोघेही एकमेकांची मान राखण्यासाठी धडपडत होते, आणि त्यात इतक्या वर्षांची विद्या बुडत चालली होती.

मला सगळे माहीत होते. पण पुरुषांच्या बैठकीत माझ्याने तोंड उघडवत नाही. तो स्वभाव आजही गेलेला नाही. मी मागच्या दाराने बाहेर आले. ऊन चांगलेच तापले होते. बांधावरच्या मुठींकडे माझी नजर गेली, आणि त्यांचे कोवळे शेंडे वळू लागलेले दिसले.

मी काही ठरवून केले असे म्हणता येणार नाही. लुगड्याचा काष्टा वर खोचला, एक मूठ सोडली आणि खाचरात उतरले. वरचे पाणी उन्हाने कोमट होते, खाली चिखल गार होता, आणि पायाच्या बोटांमधून तो वर आला तेव्हा लग्नानंतर एवढ्या वर्षांत न आलेले हसू एकटीलाच आले. बोटे विसरली नव्हती. दोन-तीन काड्या, अंगठ्याने खाली दाब, एक पाऊल मागे. ओल्या मुळांचा तो कच्चा, हिरवा वास.

"गो यशे!" काकीची आरोळी आली. "पावन्यांसंगती आलीस आनि चिखलात? ये वर आदी!"

"काकी, रोपं करपतायत."

"मंग एकटी काय करनार हायेस? मेली माहेरवाशीण चिखलात आनि आमी ओट्यावर! गावाची लाज काढतेस व्हय गो?" असे म्हणता म्हणता तिने सणाचे हिरवे लुगडे खोचले आणि माझ्या शेजारी येऊन उभीसुद्धा राहिली. तिच्यामागून सुना आल्या, सुनांमागून मुली. मग पुरुषांची चुळबुळ सुरू झाली. टोप्या खुंटीला गेल्या. दादा "आरं पन पावने..." असे म्हणत म्हणत उतरला. बघता बघता अंगण ओस पडले, घोंगडीवर दोन प्राध्यापक तेवढे उरले, आणि थोड्या वेळाने तेही बांधावर येऊन उभे राहिले.

लावणीच्या दिवसांत बांधावर नुसते उभे राहायचे नसते. आमच्याकडची रीतच आहे. कोणी पाहुणा असो, वाटसरू असो, उभा दिसला की बायका मागून येऊन त्याच्या गालाला चिखल फासतात, आणि एकदा गाल माखला की त्याला खाचरात उतरावेच लागते. काकीने सरांकडे पाहिले, क्षणभर विचार केला, आणि जावयाची निवड केली. फताक्कन दोन्ही गाल माखून म्हणाली, "जावयबुवा, ह्यो हाय का तुमच्या पुस्तकात?"

सगळे खाचर हसले. आणि कितीतरी दिवसांनी मी ह्यांचा डावा गाल हसताना पाहिला, चिखलासकट.

हे विजार गुडघ्यापर्यंत दुमडत होते तोच मोठे सर, एखाद्या पंगतीत वाढायचे राहून गेलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "मला कोणी लावणार नाही का?"

"सायब," काकी म्हणाली, "मंग चष्मा काढा!"

त्या दुपारचे मी काय सांगू? बायकांनी गाणे धरले आणि गाता गाता त्यात सरांची छत्री गुंफली. ती बिचारी बांधावर उघडी पडून वाऱ्याने गिरक्या घेत होती. ऊन आणि ढगांच्या सावल्या आमच्या पाठींवरून पाठशिवणी खेळत गेल्या. सर इतके मन लावून रोपे लावीत की एकेका रोपाशी जणू त्यांचा संवाद चालला होता. "सायब, रोप लावायचा हाय, खुट्टी नाय ठोकायची," काकी सांगे. ह्यांची ओळ तर सुरू झाली तिथून जी वळली ती वळतच गेली. "बघा बघा, जावयबुवांची रांग चालली नात्याला!" कोणी तरी ओरडले, आणि हे कमरेवर हात ठेवून, मागे वळून, आपल्या रांगेकडे खरोखर कुतूहलाने पाहू लागले, जणू हाही एक प्रश्नच होता.

उन्हे कलली तेव्हा खाचर हिरवे झाले होते. सगळे ओढ्यावर हातपाय धुवायला उतरलो. तिथे आमच्याकडे एक बोलणे होते. ज्याचे शेत लावले असेल तो प्रत्येकाला त्याचा दिवस तोंडाने सांगतो. दादा पाण्यात उभा राहून एकेकाला सांगत गेला, "तुजा दिस माज्याकडं. तुजा दिस माज्याकडं." काकीपाशी आला. "काकी, तुजा दिस माज्याकडं."

सर पाय चोळता चोळता थांबले. "पूर्ण दिवस?"

"म्हंजे?"

"सकाळी तुम्ही अर्धा म्हणालात."

मग काकीने पदर तोंडात धरला आणि तिचे सबंध अंग हसू लागले. दादा कानामागे खाजवीत म्हणाला, "त्ये सांगायचा असतो, सायब. पावन्यांफुडं."

सरही हसले. पण ह्यांच्याकडे त्यांनी जे पाहिले ते हसण्यातले नव्हते.

"आनि सायब," दादा म्हणाला, "तुमचा बी एक दिस माज्याकडं ऱ्हायला. बोलवाल तवा येऊ."

"अहो, माझा कसला दिवस! माझ्या रांगा उद्या उपटून पुन्हा लावाल तुम्ही."

"रोप काय रांग बघून वाढतो व्हय?" काकी म्हणाली.

सर अगदी हेलावून गेले असावेत. शहरातल्या सुसंस्कृत माणसाला सुचेल तेच त्यांना सुचले. हात जोडून म्हणाले, "नाही, नाही. माझा दिवस मी सोडला. तुमच्याकडे माझे काही राहिले नाही."

दादाचा चेहरा उतरला. "सोडला म्हंजे?" दादा अडखळत म्हणाला. "आमचा काय चुकला, सायब?"

आणि तेव्हा हे बोलले. गुडघाभर पाण्यात, गालावर वाळलेला चिखल घेऊन. तो आवाज मला पडवीतला ओळखीचा होता, पण त्यात आता एकही शब्द घोळवून पाहिलेला नव्हता.

"सर, इथे दिवस सोडत नाहीत. दिवस सोडला म्हणजे माणूस सोडला. मी सुरुवातीला घरोघर विचारीत होतो, तेव्हा मला वाटायचे लावणी संपली की सगळ्यांचे दिवस फिटत असतील. पण कुठल्याच घरी ते पुरते फिटलेले सापडेनात. कोणाचा तरी दिवस कोणाकडे राहिलेलाच. मी समजलो, माझ्याच विचारण्यात चूक आहे. पुन्हा विचारले. मग कळले, की चूक नाही, हीच रीत आहे. एखादा दिवस हे लोक मुद्दाम शिल्लक ठेवतात. त्या राहिलेल्या दिवसाला धरून पुढच्या आषाढात सगळे पुन्हा एकत्र येतात. आणि म्हणून काम मोजायचे नसते. दादांची आई अंथरुणाला होती तेव्हा काकी या घरासाठी उभ्या राहिल्या. आज काकी थकल्या, तर दादा आहेत. प्रत्येक घरात कोणी म्हातारे असते, कोणी पाळण्यात असते, एखादे वर्ष आजारपणाचे येते. आज ज्याचे कमी भरले त्याचे उद्या जास्त भरणारच असते. हे एका दिवसाचा हिशेब करीत नाहीत, सर. हे पिढ्यांचा करतात."

पाण्यावर संध्याकाळ उतरली होती. मला पहिल्यांदा, शब्दनशब्द, ह्यांचे शास्त्र कळले. आणि कळले ते माझ्याच माणसांविषयी, ज्यांच्यात मी जन्मले आणि ज्यांना मी कधी पाहिलेच नव्हते.

"ऐकलास गो?" काकी हळूच म्हणाली. "आमी करताव त्ये, पन असा कुनी सांगितला नव्हता."

"म्हंजे आमी शाने हाव?" दादाने विचारले, आणि सगळा ओढा पुन्हा हसला.

मोठे सर दादाजवळ गेले. "मग माझा दिवस राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. दादाने तो दिवस असा स्वीकारला, की जणू कोणी त्याच्या ओंजळीत मूल ठेवले.

परतीच्या वाटेवर मी मागेच होते, पण सर थांबले, मी जवळ येईपर्यंत थांबले. मग ह्यांना म्हणाले, "मुद्दा आहे तसा राहू द्या. एक अक्षर बदलू नका. पण तुमचे एक सुटले आहे. आज सगळे कोणाच्या मागून चिखलात उतरले? तुम्ही बायकांचे दिवस पुरुषांना विचारून लिहिले आहेत. उत्तर घरात असताना एवढी पायपीट कशाला केलीत?" मी पदर चेहऱ्यावर ओढला. पण त्या पदराआड मी जी हसत होते, ती पोलादपूर येईपर्यंत हसतच होते.

पुढच्या वर्षी ह्यांना पदवी मिळाली. मोठ्या सरांनी आपला दिवस कधीच मागितला नाही, दादा मात्र दर आषाढात आठवणीने विचारी, "सायबांचा बोलावना आला काय?" आणि नाही म्हटले की समाधानाने मान हलवी.

पण मला सांगायचे आहे ते सर येऊन गेले त्याच आषाढातल्या महाडच्या संध्याकाळींविषयी. बाहेर पाऊस पुन्हा लागलेला, आणि हे चुलीजवळ पाट घेऊन बसत. ह्यांचे सगळे प्रश्न आता माझ्यासाठी होते. उपटणाऱ्या बायका आणि लावणाऱ्या बायका वेगळ्या का? बाळंतिणीच्या घरचा दिवस कोण भरते? माहेरवाशीण आली तर तिचा दिवस माहेरचा की सासरचा? आधी मी चाचरत बोलले. मग बोलत गेले. इतके काही माझ्याजवळ होते याची मलाच कल्पना नव्हती. एकेक उत्तर देताना मला वाटे, की अंधाऱ्या फडताळातून मी माझीच भांडी काढून उजेडात ठेवते आहे, आणि ती सोन्याची नसली तरी घासलेली, लखलखीत आहेत. हे वहीवरून मान वर करून माझ्याकडे पाहत, तसे जसे बाजारात, न कळणाऱ्या गोष्टीकडे पाहत.

अशाच एका संध्याकाळी ह्यांनी विचारले, "आणि इथला? ह्या घरातला तुझा दिवस कोणाकडे राहतो?"

मी हसले. "तो नाही मोजत."

"का?"

भाकरी तव्यावर फुगत होती. मी आठवून पाहिले. आईने कधी सांगितले नव्हते, काकीने सांगितले नव्हते, दादाने तर ओढ्यावर कधी तो दिवस उच्चारलाही नव्हता. ह्यांनी लेखणी खाली ठेवली. "आमच्या शास्त्रातही याचे उत्तर नाही," हे म्हणाले, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत, पावसाच्या त्या आवाजात, नव्याने ओळख होत असलेल्या दोन माणसांसारखे बसलो. मग ह्यांनी हात पुढे केला, आणि ज्या बोटांनी आयुष्यभर खडूच धरला होता त्या बोटांनी, भाजत, चुकत, तव्यावरची भाकरी उलटली. ती काठाशी फाटली. वाफ वर आली. उत्तर द्यायचे मात्र तेव्हा राहिले ते राहिलेच आहे, आणि ते राहिले आहे याचा मला आजवर आनंदच वाटत आला आहे.